काशीरामची बातमी

भातकापणी उरकली आणि शेतातली जमीन वाळून टणक झाली, की पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटचे दिवस सुरू होतात. गावोगाव मांडव पडतात, टेबलावर ट्रॉफ्या मांडल्या जातात आणि सकाळी सुरू झालेली भोंग्यावरची कॉमेंट्री दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्या भोंग्यांवरचा एक आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या हसन छत्रीवाल्याच्या मुलाचा, नोमानचा. हसनची इच्छा होती की मुलानं दुकानात बसावं. मुलाला बोलण्याचा आणि लिहिण्याचा नाद. कॉलेज बुडवून तो कधी उलव्याकडे, कधी उरणकडे सामने गाठायचा आणि घसा बसेपर्यंत बोलायचा.

त्याच्या कॉमेंट्रीत एक नाव सारखं यायचं, काशीरामचं. उरणच्या वाटेवर खाडीच्या कडेला एक आगरी वस्तीचं गाव आहे, तिथला हा फास्ट बोलर. नोमानपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, उंच, काटक, आणि धावत यायला लागला की शेताच्या पार बांधापासून येणारा. तो बॉल हातात घ्यायचा तेव्हा नोमान भोंग्यावर म्हणायचा, ‘काशीराम आलाय, ज्यांना घरी लवकर जायचंय त्यांनी पुढं यावं.’ लोक हसायचे, बॅट्समनही हसायचा, आणि बहुतेक वेळा खरंच लवकर जायचा. सामना संपला की काशीराम मांडवात येऊन नोमानच्या पाठीवर थाप द्यायचा. म्हणायचा, भाय, तुमी बोलता तवा हात आपोआप जोरात फिरतो. दोघांची मैत्री म्हणावी तर इतकीच होती. पण त्या वयात अशी मैत्री पुष्कळ वाटते.

पुढे नोमान पनवेलच्या एका साप्ताहिकात लिहू लागला, मग मुंबईच्या पेपरात लागला, आणि २००४ साली दुबईच्या एका इंग्रजी दैनिकाच्या क्रीडा विभागात त्याला नोकरी मिळाली. हसननं मोहल्ल्यात पेढे वाटले. मुलगा पेपरात छापून येणार, तोही दुबईच्या, म्हणजे काय थोडकं.

तिथलं काम मात्र नोमाननं मनात योजलं होतं तसं नव्हतं. क्रीडा संपादक इंग्रज होता, त्याच्या हाताखालचे दोघेही इंग्रज. मोठे क्रिकेट सामने आणि घोड्यांच्या शर्यती त्यांच्याकडे. नोमानच्या वाट्याला शाळांचं पोहणं, उंटांच्या शर्यती आणि गोल्फ क्लबांच्या वार्षिक स्पर्धा. गोल्फची काठी कधी हातात न धरलेला माणूस गोल्फवर आठशे शब्द लिहायला शिकला. ते शब्द कोण वाचतं, हे त्याला कधी कळलं नाही. कुणी सुट्टीवर निघालं की तो त्याच्यासोबत पेपरचे अंक घरी पाठवायचा. हसनला इंग्रजी यायचं नाही. पण तो मुलाच्या नावावर बोट ठेवून गिऱ्हाइकांना दाखवायचा. तीन वर्षं अशी गेली. भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या नोमानला वाटायचं, मी ज्या गोष्टींना जीव लावू शकतो त्यांतली एकही इथे मी लिहिलेली नाही.

आणि मग २००७ च्या फेब्रुवारीत त्याला काशीराम भेटला.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पांतली पोरं शहराबाहेरच्या वाळूत क्रिकेट खेळायची. सोळा कॅम्पांची स्पर्धा होती. नोमान सहज बघायला गेला होता, कामासाठी नव्हे. टेप गुंडाळलेला टेनिस बॉल घेऊन एक माणूस पार पाण्याच्या टँकरपासून धावत येताना त्यानं पाहिला, आणि चेहरा दिसायच्या आधी त्यानं ती धाव ओळखली. सामना संपल्यावर दोघे वाळूतच गळ्यात पडले. काशीराम जहाज-दुरुस्तीच्या यार्डात कामाला लागला होता. त्याच्या बायकोचा, रमाचा धाकटा भाऊ कृष्णकांत तिथे आधीपासून होता. त्यानंच मेहुण्याला आणलं होतं. दोघे एकाच खोलीत राहत होते. कृष्णकांत दहावी शिकलेला, इंग्रजी थोडंफार वाचणारा. काशीरामला सही येत होती आणि मराठी पेपर अडखळत वाचता येत होता.

पुढच्या शुक्रवारी फायनल होती. नोमान फोटोग्राफरला घेऊन गेला. काशीरामनं त्या दिवशी पाच जणांना बाद केलं. शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्या संघाला चार धावा हव्या असताना त्यानं तीन स्टंप सलग उडवले. मग चहाच्या गाडीपाशी उभं राहून नोमाननं त्याला प्रश्न विचारले. काशीराम खुशीत होता. हसत हसत सांगून गेला की खरं तर मी आज अंथरुणात असायला पाहिजे; सोमवारी यार्डात साखळी ओढताना पाठीत उसण भरली, कंपनीच्या डॉक्टरनं दहा दिवसांची सिक लीव्ह दिलीय. कृष्णकांत बाजूला उभा होता. त्यानं मेहुण्याच्या दंडाला हात लावला. काशीरामच्या लक्षात आलं.

“हे आपल्यात हां, नोमानभाय,” तो म्हणाला.

“आपल्यातच,” नोमान म्हणाला.

शनिवारी त्यानं बातमी लिहिली. मराठीत कॉमेंट्री करताना जसं आपोआप सुचायचं तसं त्या दिवशी इंग्रजीत सुचलं. वाळू, टँकर, टेप गुंडाळलेला बॉल, उरणच्या खाडीकाठचं गाव, सगळं त्यात आलं. संपादकानं वाचलं आणि पहिल्यांदाच त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. बातमी चांगली आहे, तो म्हणाला, पण सुरुवात मऊ आहे. या माणसानं काय पणाला लावलं? नोमानला उत्तर माहीत होतं. तो जागेवर जाऊन दहा-पंधरा मिनिटं नुसता पडद्याकडे बघत बसला. कॅम्पात इंग्रजी पेपर कोण वाचतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. यार्डाचं नाव घालायचं नाही, म्हणजे झालं. आणि त्यानं सुरुवातीलाच एक वाक्य घातलं. संपादकानं अर्धं पान दिलं, फोटोसकट. फोटोत काशीरामच्या टोपीवर यार्डाचं नाव होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पेपर रविवारी निघाला. कॅम्पातले लोक तो वाचत नसतील, पण यार्डाच्या ऑफिसात तो रोज येत होता. मंगळवारी काशीरामला बोलावणं आलं आणि गुरुवारी त्याला विमानात बसवलं. व्हिसा रद्द झाला, पुन्हा येण्यावर बंदी घातली गेली.

नोमानला हे आदल्या दिवशी, बुधवारीच कळलं होतं. पेपरच्या ऑफिसात त्याच्यासाठी फोन आला होता, कृष्णकांतचा. ऑपरेटरनं निरोप दिला तेव्हा नोमान एका स्पर्धेवर होता. दुपारी पुन्हा फोन आला, तेव्हाही तो बाहेर होता. निरोपात एवढंच होतं की काशीरामला घरी पाठवतायत, तुम्ही एकदा साहेबांशी बोला. तिसरा फोन संध्याकाळी आला. नोमान टेबलापाशीच बसला होता. बोलायला गेलो तर कबूल करावं लागेल, आणि यार्डाची जाहिरात आपल्या पेपरात दर आठवड्याला असते, हेही त्याच्या डोक्यात आलं. त्यानं ऑपरेटरला हातानं खूण केली, नाहीये म्हणून सांग. चौथा फोन आला नाही.

त्या बातमीला महिन्याची उत्कृष्ट बातमी म्हणून बक्षीस मिळालं. त्यानंतर त्याला क्रिकेट मिळालं, प्रेस बॉक्स मिळाला, मोठ्या खेळाडूंच्या मुलाखती मिळाल्या. पुढची नऊ वर्षं तो तिथेच राहिला, लग्न झालं, मुलगी झाली, पगार वाढला. काशीरामची आठवण रोज यायची असं नाही. पण कुणी त्याला विचारलं की तुझी सगळ्यात चांगली बातमी कोणती, तर तो दुसरीच कुठली तरी सांगायचा.

*

२०१६ च्या डिसेंबरात त्याची धाकटी बहीण हादिया हिचा निकाह ठरला आणि नोमान महिनाभराच्या रजेवर पनवेलला आला. घरात रंगकाम निघालं होतं, माळ्यावरची भांडी खाली आली होती, दुपारभर बायकांची ये-जा चालू असायची. एका गुरुवारी तो आतल्या खोलीत चहा पीत बसला होता. दाराशी त्याची आई हव्वाबी कुणाशी तरी बोलत होती. सुकी मासळी विकणारी बाई आली होती, हे वासावरूनच कळत होतं. आई फोनवर अधूनमधून तिचं नाव घ्यायची, आज रमा सोडे देऊन गेली, रमाचे बोंबील चांगले निघाले. दुबईला कुणी निघालं की त्यातलेच सोडे बांधून पाठवायची. कुठली रमा, हे नोमाननं कधी विचारलं नव्हतं.

हव्वाबी तिला लग्नाचं आवतण देत होती. नवऱ्याला घेऊन ये, आणि दोन दिवस आधी ये, भाकऱ्यांना हात हवाय. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, तुझ्या त्या आपट्याच्या भावालाही सांगू का, एवढ्या वर्षांत एकदा तरी दोघं समोरासमोर याल.

“नको, चाची,” बाई म्हणाली. “भाऊ नाय तो माजा. दुबईत बहिणीच्या नवऱ्याची नोकरी खाल्ली त्यानी. साहेबाला जाऊन सांगितलं, हा आजारी नाय, क्रिकेट खेळतो.”

नोमान कप तसाच ठेवून बाहेर आला. पायरीवर पाटी ठेवून, पदर खोचून एक चाळिशीची बाई बसली होती. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“तुमी नोमानभाय ना? ते लई नाव काढतात तुमचं. मासळीचा धंदा सुरू केला तवा तेच बोल्ले, पयली पाटी नोमानभायच्या घरी घेऊन जा, चांगली माणसं हायत.”

कसे आहेत दादा, एवढं नोमाननं विचारलं. बरे हायत, ती म्हणाली, कंटेनर यार्डात वॉचमन हायत, पाठ अधूनमधून धरते. तिनं मासळी मोजून दिली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

बाकीचं हव्वाबीनं सांगितलं. काशीराम परत आला तेव्हा घराचं काम जोत्यापर्यंत आलं होतं, ते तसंच राहिलं. रमानं मासळीची पाटी उचलली. कृष्णकांत सुट्टीवर आला तेव्हा त्यांच्या दारात उभा राहिला, काशीरामनं त्याला आत घेतलं नाही. रमानं नवऱ्याची बाजू धरली आणि माहेरी, आपट्याला जाणं सोडलं. नवऱ्यानं तिला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं, तिनंच सोडलं. दोन वर्षांपूर्वी तिची आई वारली. रमाला निरोप उशिरा मिळाला. ती पोचली तोवर आईला पाताळगंगेच्या काठी नेलं होतं. ती लांब, रस्त्याच्या वळणावर उभी राहिली. भाऊ समोर होता म्हणून पुढे गेली नाही, आणि तशीच परत आली. हे सगळं तिनं याच पायरीवर बसून हव्वाबीला सांगितलं होतं.

नोमाननं आईला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. वाक्य, फोन, हाताची खूण, काहीच ठेवलं नाही. हव्वाबीच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. तो तिनं बाजूला ठेवला.

“मला कशाला सांगतोस?” ती म्हणाली. “या पायरीवर जी रडली तिला सांग.”

*

पण तो आधी आपट्याला गेला. स्वतःशी कारण असं दिलं की आधी कृष्णकांतला विचारायला हवं. खरं कारण हे की कृष्णकांतला सांगण्यासारखं काही नव्हतं, तो सगळं जाणून होता, आणि म्हणून तिथे जाणं सोपं होतं.

कृष्णकांत दुबईहून कायमचा परत येऊन रसायनीच्या एका कारखान्यात लागला होता. नदीपासून थोडं वर त्याचं घर होतं. नोमानला बघून तो उठून उभा राहिला, ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याची बायको सुमती पाणी घेऊन आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून आत निघून गेली.

नोमान माफीचं बोलायला लागला तेव्हा कृष्णकांतनं त्याला थांबवलं. म्हणाला, तुमचा पेपर मी रविवारीच वाचला होता, कॅन्टीनमध्ये साहेबांच्या टेबलावर. पयल्या ओळीतच समजलं. मी भावजींना सांगितलं, पेपरात आलंय. त्यांना खरं वाटलं नाय. मंगळवारी ऑफिसातून बोलावणं आलं, तवा मी पुन्हा सांगितलं. ते बोल्ले, नोमानभायनं शब्द दिलाय.

“सिक लीव्हवर असून खेळले हे दोघांनाच ठाऊक व्हतं,” कृष्णकांत म्हणाला. “तुमाला आनि मला. दोघांतल्या एकानं सांगितलं असणार. त्यांनी तुमाला धरून ठेवलं आनि मला सोडलं.”

“तू पेपर दाखवायचास ना त्यांना.”

“दाखवला. ते बोल्ले, तुला हवं ते वाचून दाखवशील, मला थोडंच कळतंय. म्हनून तर तुमाला फोन केले. तुमी एकदा बोल्ला असता, मीच लिहिलंय, तर झालं असतं. नोकरी गेली ती गेली. पन घर राहिलं असतं.”

नोमाननं विचारलं की मी त्यांना जाऊन सांगू का. कृष्णकांतनं नदीकडे बघितलं.

“आता सांगून आई थोडीच येनार हाय,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सांगा. रमाताईला तरी कळू दे.”

*

रविवारी सकाळी नोमान काशीरामच्या गावी गेला. पूर्वी जिथे सामने व्हायचे त्या शेतांत भराव पडला होता, आणि रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. घराचं जोतं नऊ वर्षांपूर्वी जिथे थांबलं होतं त्याच्यावर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या होत्या. काशीराम ओट्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते, पण अंगाची काठी तीच. नोमान दिसताच तो पाठीला हात लावून उठला आणि त्यानं त्याला मिठीत घेतलं. रमाला हाक मारली, चहा टाकायला सांगितला, शेजाऱ्याला ओरडून सांगितलं की हे आपले कॉमेंट्रीवाले नोमानभाय, दुबईचे. नोमानला बसायला प्लास्टिकची खुर्ची आणली आणि स्वतः खाली बसला.

चहा आल्यावर नोमाननं रमालाही थांबायला सांगितलं. मग त्यानं फार वेळ न लावता सांगितलं, “काशीदादा, तुम्ही सिक लीव्हवर असताना खेळलात हे साहेबांना कृष्णकांतनं नाही सांगितलं. ते मी पेपरात लिहिलं होतं.”

काशीरामला पहिल्यांदा समजलंच नाही. तो हसला. म्हणाला, त्याला वाचवायला आला व्हय, कुनी पाठवलं तुमाला. नोमाननं मोबाइल काढला. पेपरच्या जुन्या अंकांतून त्यानं ते पान आदल्या दिवशी शोधून ठेवलं होतं. त्यानं फोटो दाखवला. काशीरामनं मोबाइल हातात घेतला आणि आपलाच फोटो बराच वेळ बघितला. तो हे पान नीट बघत होता ते पहिल्यांदाच. दुबईत कृष्णकांतनं समोर धरलं तेव्हा त्यानं हातानं बाजूला सारलं होतं.

“वाचा,” तो म्हणाला. “मराठीत सांगा. सगळं सांगा.”

नोमान वाचू लागला. एक एक वाक्य इंग्रजीतून मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पहिलंच वाक्य ते होतं. ज्या माणसाला कंपनीच्या डॉक्टरनं दहा दिवस अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं, तो पाचव्याच दिवशी वाळूत उतरला आणि त्यानं पाच जणांना तंबूत धाडलं. नोमान थांबला. काशीराम म्हणाला, पुढं. मग पुढचं आलं. पाण्याच्या टँकरपासूनची ती धाव. टेप लावलेला बॉल हातातून सुटतो तेव्हा येणारा आवाज. खाडीकाठच्या गावातला हा माणूस आठवडाभर दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करतो आणि शुक्रवारी दोन तास स्वतःचा असतो, हे वाक्य. शेवटची ओव्हर, तीन स्टंप. नोमानचा आवाज नकळत भोंग्यावरच्या जुन्या चालीवर गेला आणि ते लक्षात येताच त्यानं तो खाली आणला.

“चांगलं लिवलंय,” काशीराम म्हणाला. तो मनापासून बोलला. नोमानला ते सहन होईना.

मग काशीरामनं विचारलं, “ते पयलं वाक्य नसतं, तर छापलं नसतं त्यांनी?”

“छापलं असतं.”

“मग?”

अर्धं पान मिळालं नसतं, हे नोमानला सांगता आलं असतं. संपादकानं काय विचारलं तेही सांगता आलं असतं. तो म्हणाला, “मग काही नाही, दादा. मला ते चांगलं वाटलं म्हणून घातलं. तुम्ही नको म्हणाला होतात.”

काशीरामनं मान हलवली, नुसतं ऐकलं एवढंच सांगितल्यासारखी. त्याला राग आला असता तर नोमानला बरं वाटलं असतं. पण काशीराम त्याच्याकडे बघतच नव्हता. तो रमाकडे बघत होता.

रमा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं भावाबद्दल विचारलं, “किसनला ठाऊक व्हतं हे?”

“पहिल्या दिवसापासून. त्यानं मला तीनदा फोन केला. मी घेतला नाही.”

“तो आमच्या दारात आला व्हता,” ती म्हणाली. नोमानला नव्हे, नवऱ्यालाही नव्हे. “ऊन व्हतं. पानी बी नाय दिलं मी त्याला. आई गेली तवा मला बघून तो दोन पावलं पुढं आला, मी तोंड फिरवलं.”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पेटी उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती दुसरी साडी नेसून, हातात एक पिशवी घेऊन बाहेर आली. काशीरामनं विचारलं, येऊ का संगतीनं. तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, आज मी जाते, तुमचं तुमी मग बघा. नोमाननं खालच्या रस्त्यावर रिक्षा उभी ठेवली होती. त्यानं सोडू का विचारलं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती चालत हायवेच्या फाट्याकडे गेली, जिथे एसटी थांबते.

काशीराम ओट्यावरच बसून राहिला. नोमानच्या कपातला चहा तसाच होता, त्याच्यावर साय धरली होती.

“नऊ वर्सं मी तिला सांगत आलो, तुझा भाऊ असा,” काशीराम म्हणाला. “कुनी तुमचं नाव काढलं तर मीच भांडायचो. आता मी तिला काय सांगू?”

काही मदत करता येईल का, मुलांच्या शिक्षणाचं, पाठीच्या उपचाराचं, असं काहीतरी नोमान बोलू लागला. काशीरामनं हात वर केला. पूर्वी एलबीडब्ल्यूचं अपील फेटाळलं गेलं की तो असाच हात करायचा, वाद न घालता.

“आता तुमी जा, नोमानभाय.”

*

हादियाच्या निकाहाला काशीराम आला नाही, रमाही आली नाही. भाकऱ्यांना हव्वाबीनं दुसऱ्या बायका बोलावल्या. लग्नात हसननं पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं की माझा मुलगा क्रिकेटवर लिहितो, मोठमोठ्या खेळाडूंना नावानं हाक मारतो. नोमान शेजारी उभा राहून हसला. आई त्याच्याशी नेहमीसारखीच वागत होती, ताटात वाढत होती, कपडे इस्त्री झाले का विचारत होती. पण काशीरामचं नाव तिनं काढलं नाही, आणि त्यानं काढलं तेव्हा ती उठून दुसऱ्या कामाला लागली.

जानेवारीत तो दुबईला परतला. त्या वर्षी पेपरची पानं कमी झाली, क्रीडा विभागातल्या चौघांची नोकरी गेली. नोमाननं स्वतःहून बातमीदारी सोडून डेस्कवर काम मागितलं. आता तो दुसऱ्यांच्या बातम्या तपासतो, स्पेलिंगं आणि धावसंख्या सुधारतो. तरुण बातमीदार त्याला कटकट्या म्हणतात, कारण तो प्रत्येक अवतरणाखाली विचारतो, हे त्या माणसानं छापायला सांगितलं होतं का. त्यानं फार फरक पडतो असं त्याला वाटत नाही. एखादा माणूस एखाद्या वाक्यापासून वाचत असेल, इतकंच.

पुढच्या वर्षी पितृपक्षात त्यानं धीर करून कृष्णकांतला फोन लावला. कृष्णकांतनं उचलला. सगळं बरं आहे म्हणाला. रमाताई येते-जाते, तिची पोरं आता सुट्टीत इकडेच असतात. आईचं श्राद्ध होतं परवा, भावजी आले होते. पहिल्यांदाच. बाहेर आंब्याखाली बसले होते, आत यायला तयार नव्हते, मग मीच हाताला धरून आणलं. आईच्या फोटोसमोर बसले, बराच वेळ उठलेच नाहीत. जेवले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

“काही बोलले का?” नोमाननं विचारलं. “माझ्याबद्दल?”

“नाय,” कृष्णकांत म्हणाला. “तुमचं नाव नाय निघालं.”

तो अजून काही बोलेल म्हणून नोमान थांबला. पलीकडे कुणीतरी कृष्णकांतला हाक मारत होतं, बाईचा आवाज होता, बहुधा रमाचाच. ठेवतो मग, कृष्णकांत म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.